मोटारगाडीच्या चाकांचे संरेखन

मोटारगाडीची चाके परस्परांशी, गाडीच्या मध्यरेषेशी व रस्त्याच्या पृष्ठभागाशी ठरावीक कोन करून राहतील अशा रीतीने ती बसविणे व त्या स्थितीत राखणे या क्रियेला चाकांचे संरेखन म्हणतात. चाक ज्या बाहूंनी, आसाने व स्प्रिंगांनी गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते त्यांच्या मांडणीला निलंबनाची भूमिती अशी संज्ञा आहे. ही दोन्ही कामे वस्तुतः एकच होत; कारण चाकाचा कोन त्याला धरून ठेवणाऱ्या भागांच्या लांबीवर व कोनांवर अवलंबून असतो आणि ते भाग झिजले, वाकले वा दबले की चाकाचा कोनही बदलतो. वरवर पाहणाऱ्यास चारही चाके सरळ उभी व समांतर आहेत असे वाटते. प्रत्यक्षात पुढची चाके तशी क्वचितच असतात. ती किंचित कललेली व किंचित मिटलेली असतात आणि ज्या अक्षाभोवती ती वळतात तो अक्षही तिरपा असतो. हे तिरपेपण कोठून आले, ते किती असावे हे कसे ठरत गेले आणि घाटांच्या व जांभ्या दगडाच्या प्रदेशात ते टिकविणे का अवघड जाते, हा या विषयाच्या इतिहासाचा गाभा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणची किनारपट्टी व तिला घाटमाथ्याशी जोडणारे सह्याद्रीतील रस्ते यांच्या उदाहरणाने तो चांगला स्पष्ट होतो.

मोटार येण्यापूर्वी या किनाऱ्यावरील दूरची वाहतूक मुख्यत्वे समुद्रमार्गे होई. देवगड, मालवण व वेंगुर्ले या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून आणि पुढे गाडीरस्ते झाल्यावर बैलगाड्यांतून घाट चढे. वेंगुर्ले, सावंतवाडी, आंबोली, बेळगाव हा त्यांपैकी विशेष वाहता मार्ग होता. १८८८ मध्ये मुरगाव बंदर लोहमार्गाने जोडले गेल्यावर त्याचे महत्त्व ओसरले, तरी रस्ता राहिला आणि पुढे मोटारीच्या उपयोगी पडला. बैलगाडी दोन चाकांची असल्यामुळे तिच्या बाबतीत चाके वळविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वळविण्याचे काम बैल करतात. दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरत असल्याने वळणावर आतले चाक कमी व बाहेरचे जास्त अंतर कापते आणि कोणतेही चाक आडवे घासले जात नाही. या साध्या यंत्राने जो प्रश्न आपोआप सोडविला होता तो चारचाकी गाडीला नव्याने सोडवावा लागला. आस, आरे, तुंबा, धाव हे शब्द मराठीत घरचे असून कँबर, कॅस्टर, टो-इन हे मात्र परके राहिले, त्याचे कारणही बहुधा हेच असावे.

चाक तिरपे बसविण्याची कल्पना मात्र मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. युरोपातील गाड्या बनविणारे सुतार चाकाचे आरे तुंब्यापासून बाहेरच्या बाजूस झुकवून चाकाला उथळ बशीचा आकार देत व आसाची टोके किंचित खाली उतरती ठेवीत. गाडी डुलताना चाकावर बाजूने येणारा रेटा या बशीमुळे सोसला जाई. आसाच्या उतारामुळे भार ज्या आऱ्यावर असेल तो सर्वांत खालचा आरा सरळ उभा राही आणि चाक बाहेर निसटण्याऐवजी आतील बाजूस रेटलेले राही. मोटारीच्या चाकांच्या ज्या कलाला कँबर म्हणतात त्याचे मूळ या सुतारकामात आहे. चाकाचा माथा बाहेर झुकलेला असेल तर कँबर धन व आत झुकलेला असेल तर ऋण मानतात.

चारचाकी घोडागाडीचा पुढचा आस मध्यावरील एका खिळीभोवती संपूर्ण फिरे. मोठ्या वळणावर पुढचे चाक गाडीच्या खोक्याला लागे आणि चारही टेकू एकमेकांजवळ आल्याने गाडी कलंडण्याचा धोका असे. इंग्रज वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यानंतर लवकरच, आस स्थिर ठेवून त्याच्या टोकांशी प्रत्येक चाक स्वतंत्र खिळीवर वळविण्याची युक्ती योजिली होती. तथापि तिचा प्रसार झाला नाही. म्यूनिक येथील गाड्या बनविणारे गेओर्ख लांकेनश्पेर्गर यांनी ती पुन्हा सिद्ध केली व १८१८ मध्ये लंडनमधील त्यांचे प्रतिनिधी रूडॉल्फ आकरमान यांनी तिचे इंग्लंडमधील एकस्व घेतले. आकरमान हे मूळचे जर्मन, व्यवसायाने चित्रे व पुस्तके प्रसिद्ध करणारे. आजही हे तत्त्व मूळ संशोधकाऐवजी त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या तत्त्वाचा आशय असा : वळणावर चारही चाकांनी एकाच केंद्राभोवती वर्तुळे काढली पाहिजेत आणि आतल्या चाकाचे वर्तुळ लहान असल्याने ते बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे. पुढच्या व मागच्या आसांत २·३४ मी. आणि डाव्या-उजव्या चाकांत सु. १·२३ मी. अंतर असलेली गाडी मागील आसाच्या मध्याशी ८ मी. त्रिज्येचे वळण घेत असेल, तर आतले चाक सु. १७·६ अंश व बाहेरचे सु. १५·२ अंश वळावे लागते. त्रिज्या ८० मी. असेल तर हाच फरक अंशाच्या चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. सपाटीवरील महामार्गावर तो नसल्यासारखाच होय; घाटातील केसाच्या आकड्यासारख्या वळणावर मात्र तोच टायरचे आयुष्य ठरवितो. फ्रेंच अभियंते शार्ल झांतो यांनी १८७८ मध्ये यासाठी सोपी आकृती दिली. पुढच्या चाकांच्या सुकाणू भुजा मागे वाढविल्या असता त्यांच्या रेषा मागील आसाच्या मध्यबिंदूशी मिळाव्यात, म्हणजे दोन्ही चाकांतील फरक जवळजवळ बरोबर साधतो. ‘जवळजवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दांड्यांच्या चौकटीने हे तत्त्व सर्व कोनांना तंतोतंत पाळता येत नाही आणि म्हणून प्रत्येक गाडीची रचना ही कोठे चूक सोसायची याची निवड असते.

मोटारीच्या आद्य निर्मात्यांना हा प्रश्न किती अडचणीचा वाटला हे कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या गाडीवरून दिसते. चार चाकांची समाधानकारक वळणयोजना हाती नसल्याने त्यांनी ती गाडी तीन चाकांची केली व दुहेरी खिळीच्या सुकाणूचे एकस्व १८९३ मध्ये मिळाल्यावरच ते चार चाकांकडे वळले. आमेदे बोले या फ्रेंच यंत्रकाराने मात्र १८७३ मध्येच आपल्या वाफेच्या गाडीत पुढची चाके वेगवेगळ्या खिळींवर वळविली होती.

वेग वाढताच चाकाने आपणहून सरळ राहावे ही अपेक्षा निर्माण झाली. सायकलीच्या पुढच्या चाकाचा काटा मागे रेललेला असतो. त्याप्रमाणे मोटारीची किंगपिन मागे रेलविली, तर तिची रेषा चाक टेकते त्या बिंदूच्या पुढे जमिनीला मिळते आणि चाक तिच्यामागे ओढले जाऊन सरळ होऊ पाहते. या रेलण्याला कॅस्टर म्हणतात. याशिवाय किंगपिनचा माथा गाडीच्या आतील बाजूस झुकविला की तिची रेषा टायरच्या मध्याजवळ जमिनीला भेटते, सुकाणू हलके होते व खड्ड्याचा हिसका चालकाच्या हाताला कमी बसतो. चौथे माप टो-इनचे. चाके वरून पाहिली असता पुढच्या कडांमधील अंतर मागच्या कडांमधील अंतरापेक्षा थोडे कमी, म्हणजे चाके पुढे मिटलेली, ठेवतात. गाडी धावू लागली की रस्त्याच्या रोधामुळे सांध्यांतील ढिलेपणा निघून ती समांतर होतात. पुढच्या चाकांना एंजिनाचा जोर मिळत असेल तर ती उलट आत ओढली जातात व म्हणून अशा काही गाड्यांत ती आरंभी किंचित फाकलेली ठेवतात. मिस्त्रीच्या तोंडी ‘टो’ एवढाच शब्द असतो आणि चारही मापांपैकी सर्वांत अधिक वेळा बिघडणारे व सर्वांत सहज दुरुस्त होणारे मापही तेच होय.

१९२० नंतर कमी दाबाचे फुगीर टायर व पुढच्या चाकांचे ब्रेक प्रचारात आले आणि ठरावीक वेगाला पुढची चाके जोराने थरथरू लागण्याची व्याधी सर्वत्र उद्‌भवली. अखंड आसाच्या गाडीत एक चाक उंचवट्यावर चढले की आस तिरपा होऊन दोन्ही चाके कलतात. फिरते चाक भोवऱ्याप्रमाणे वागत असल्याने कलण्याबरोबर ते वळूही पाहते आणि एकदा सुरू झालेला हा हेलकावा स्वतःच वाढत जातो. फ्रान्समधील जॉर्ज ब्रूलिये यांनी १९२५ मध्ये या प्रश्नाचा विचार करताना टायरविषयी एक मूलभूत गोष्ट पुढे मांडली. रबरी टायर ज्या दिशेला रोखलेले असते नेमके त्याच दिशेने जात नाही. बाजूचा जोर येताच ते आपल्या दिशेशी लहान कोन करून सरकत चालते. यामुळे आकरमान यांची भूमिती मंद गतीपुरतीच खरी ठरली. वेगाने घेतलेल्या वळणात बाहेरच्या टायरवर अधिक भार येतो, त्याचा सरकता कोन वेगळा असतो आणि शुद्ध भूमितीने काढलेला फरक तेथे अपुरा, कधी अनिष्टही ठरतो. शर्यतीच्या काही गाड्यांत तो हेतुतः कमी ठेवतात.

थरथरीवर खरा उपाय म्हणजे अखंड आस काढून टाकणे. इटलीच्या लान्चा लाम्बदा या १९२२ मधील गाडीची पुढची चाके उभ्या स्तंभांवर स्वतंत्रपणे वरखाली सरकत. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्समध्ये गेलेले अभियंते मॉरिस ऑली यांनी पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचा परस्परसंबंध प्रयोगाने तपासला व १९३४ च्या गाड्यांत असमान लांबीच्या दोन बाहूंचे स्वतंत्र निलंबन आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. वरचा बाहू आखूड ठेवल्याने चाक वर उचलले गेले असता त्याचा माथा थोडा आत झुकतो आणि वळणावर गाडी बाहेर कलली तरी टायर रस्त्यावर सपाट राहू शकते. येथपासून संरेखनाच्या कामाचे स्वरूप पालटले. अखंड आसाच्या गाडीत कँबर व कॅस्टर आसाच्या घडणीतच ठरलेले असत व कर्मशाळेत फक्त टो जुळवावा लागे. आता प्रत्येक चाकाला स्वतःचे बाहू, स्वतःचे सांधे आणि म्हणून स्वतःची चूकही मिळाली.

भारतात हे बदल मुंबईच्या वाटेने आले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रिमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५० नंतरच्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली. पुढे पद्मिनी या नावाने तिचे उत्पादन शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले. वर वळणाच्या गणितात घेतलेले २·३४ मी. अंतर याच गाडीचे आहे. तिच्या पुढील बाजूस दोन बाहू व वेटोळ्याच्या स्प्रिंगा, तर मागे अखंड आस व पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे १९५७ नंतर २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या अँबॅसडर गाडीत पुढे वेटोळ्यांऐवजी पीळ घेणारे लांब पोलादी दांडे होते. कोकणातील रस्त्यावर या दोन गाड्यांच्या जोडीला जीपही दिसे. तिचे दोन्ही आस अखंड असल्याने आडरानातील रस्त्यास ती पुरून उरे, मात्र सपाटीवर वेगाने नेल्यास किंगपिन झिजलेल्या जीपचे सुकाणू हातात थरथरत असे.

सर्वसामान्य प्रवाशाच्या वाट्याला मात्र मोटार आली ती बसच्या रूपाने. मुंबई राज्यात सरकारी मार्ग परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि त्यानंतरच्या काळात एस.टी. कोकणातील खेड्यापाड्यांत पोहोचली. बस व मालमोटार यांचा पुढचा आस आजही बहुधा अखंड तुळईच्या स्वरूपाचा असतो. त्याचा टो दोन चाकांना जोडणाऱ्या दांडीच्या आट्यांवर जुळवितात; कॅस्टर बदलायचा तर आस व पाटे यांमध्ये पाचर घालावी लागते आणि कँबर बिघडला असेल तर आस वाकला आहे असे समजून तो दाबयंत्रात सरळ करावा लागतो किंवा बदलावा लागतो. ही रचना जड खरी; परंतु तिच्यात बिघडण्यासारखे थोडेच असते व जे बिघडते ते डोळ्यांना दिसते. कोकणासारख्या प्रदेशात ती इतकी टिकून राहिली याला केवळ स्वस्ताई हे कारण नव्हे.

सिंधुदुर्ग हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यापासून वेगळा झालेला जिल्हा चाकांच्या दृष्टीने तीन प्रकारच्या रस्त्यांचा आहे. पूर्वेस आंबोली, फोंडा, करूळ व भुईबावडा हे घाट. मध्यभागी कणकवली, कुडाळ व सावंतवाडी यांवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी १७ होता व आता ६६ आहे. आणि पश्चिमेस खाड्यांच्या कडेने, जांभ्याच्या गडग्यांमधून मालवण, आचरे, वेंगुर्ले यांकडे जाणारे अरुंद रस्ते. महामार्गाचे चौपदरीकरण झाल्याने मधल्या पट्टीचे स्वरूप बदलले आहे, उरलेल्या दोहोंचे फारसे नाही. एकच गाडी एका दिवसात या तिन्हींवरून जाते आणि तिच्या चाकांचे कोन मात्र एकदाच बसविलेले असतात.

घाट उतरताना भार पुढे येतो, ब्रेक लावताच गाडी नाक खाली करते व कॅस्टर कमी होतो, म्हणजे सुकाणूचा सरळ होण्याचा ओढा नेमका याच वेळी घटतो. चढताना वा मागे भार असताना याच्या उलट घडते. दोन आसांत २·३४ मी. अंतर असलेल्या गाडीची मागची बाजू ४ सेंमी. दबली की कॅस्टर सु. १ अंशाने वाढतो. गणेशचतुर्थीला मुंबईहून माणसे व सामान भरून निघालेली किंवा हापूसच्या पेट्या लादून परत जाणारी गाडी याहून अधिक दबते. कारखान्याच्या पुस्तकातील माप ठरावीक भाराच्या, शाबूत स्प्रिंगांच्या व सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या गाडीचे असते. त्या अटी बाजूला ठेवून केवळ आकडा जुळविणे हे अर्धेच काम होय.

आंबोलीच्या परिसरात वर्षाला सातशे सेंमी.च्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात डांबराखालचा भराव वाहून जाऊन पडलेला खड्डा पाण्याने भरला की त्याची खोली दिसत नाही आणि चाक त्यात आदळते. त्या एका दणक्याने बाहू वा दांडी वाकण्याइतका जोर येऊ शकतो. याहून सूक्ष्म दोष चाक वरखाली होताना प्रकट होतो. निलंबनाचा बाहू व सुकाणूची दांडी या दोन्ही आपापल्या टोकाभोवती कंस काढतात. हे कंस जुळत नसतील तर चाक खड्ड्यात उतरताच चालकाने सुकाणू न फिरविताही ते थोडे वळते. रचना करताना हे कंस जुळविलेले असतात, परंतु स्प्रिंग बसली किंवा दांडीचे एक टोक वाकले की ते बिघडतात. सपाटीवर याने गाडी किंचित हेलपाटते. एका बाजूस दरी असलेल्या ओल्या वळणावर त्याची किंमत वेगळी असते.

टोच्या चुकीचे माप अंकांत पाहणे उद्बोधक आहे. ६० सेंमी. व्यासाच्या चाकांच्या कडांशी मोजलेला टो हवा त्यापेक्षा ३ मिमी.ने अधिक असेल, तर प्रत्येक चाक आपल्या खऱ्या दिशेपासून सु. ०·१४ अंश ढळलेले असते. डोळ्यांना हे दिसत नाही. तथापि प्रत्येक किमी.मागे ते चाक सु. २·५ मी. आडवे ओढले जाते. मालवण ते मुंबई या सु. ५०० किमी.च्या प्रवासात ही ओढ सव्वा किमी.वर जाते. यातील काही भाग रबराच्या लवचिकपणात जिरतो, उरलेला टायर खातो. टो अधिक मिटलेला असेल तर टायरची बाहेरची कड व फाकलेला असेल तर आतली कड आधी झिजते आणि नक्षीच्या कडांवर बोट आडवे फिरविले असता करवतीच्या दात्यांप्रमाणे एका दिशेने खरखर लागते. आतली कड झिजणे अधिक घातक होय. गाडी उभी असताना ती दिसत नाही. बाहेरून चांगले वाटणारे टायर आत दोऱ्यापर्यंत उघडे पडलेले असू शकते. कँबरच्या चुकीनेही एक कड झिजते, पण तेव्हा बोटाला दाते लागत नाहीत. जाणता मिस्त्री माप घेण्यापूर्वी टायरवरून हात फिरवितो तो यासाठी.

मोजण्याची जुनी पद्धत साधनांच्या दृष्टीने अगदी साधी आहे. सपाट फरशीवर गाडी उभी करून ती पुढून व मागून दाबून सोडतात, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतात. पुढचे चाक उचलून फिरविताना टायरवर खिळ्याने बारीक रेघ पाडतात, चाक खाली ठेवून गाडी थोडी पुढे ढकलतात व दोन्ही टायरांवरील रेघांमधील अंतर पुढच्या व मागच्या बाजूस सारख्या उंचीवर मोजतात. मागच्या चाकांशी नाते पाहायचे असल्यास दोन्ही बाजूंस गाडीच्या मध्यरेषेशी समांतर सुतळ्या ताणून रिमच्या कडांपर्यंतची अंतरे घेतात. कँबरसाठी ओळंबा पुरतो. रिमचा व्यास ३५ सेंमी. असेल तर १ अंश कल म्हणजे वरच्या व खालच्या कडेत सु. ६ मिमी. फरक, तो पट्टीने वाचता येतो. रिम वाकडी असण्याची शक्यता असल्याने चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा माप घेतात व दोहोंची सरासरी काढतात. या पद्धतीत चूक होते ती सुतळीमुळे नव्हे, तर फरशी सपाट नसल्यामुळे किंवा घाईमुळे. कॅस्टर मात्र अशा रीतीने सरळ मोजता येत नाही. चाक डावीकडे व उजवीकडे सारख्या कोनातून वळवून दोन्ही स्थितींतील कँबरच्या फरकावरून तो काढावा लागतो आणि त्यासाठी फिरत्या तबकड्या व कोनमापक लागतात.

चाकाला लावलेल्या आरशावरून वा प्रक्षेपकातून प्रकाशाचा झोत भिंतीवरील पट्टीवर टाकून कोन वाचण्याची यंत्रे विसाव्या शतकाच्या मध्यास परदेशांत रूढ झाली. पुढे इलेक्ट्रॉनिक मापक शीर्षे आली आणि १९९० नंतरच्या दशकात चाकांवरील नक्षीपट्ट्यांकडे कॅमेऱ्याने पाहून संगणकाने चारही चाकांचे कोन एकाच वेळी काढण्याची पद्धत प्रचारात आली. आज सिंधुदुर्गात महामार्गालगतच्या मोठ्या गावांत टायर विकणाऱ्यांकडे अशी सोय आढळते. दरम्यान गाड्याही बदलल्या. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून भारतीय रस्त्यांवर मॅकफर्सन पद्धतीचे निलंबन सर्वसामान्य झाले. अर्ल मॅकफर्सन यांची ही योजना फोर्डच्या ब्रिटिश गाड्यांत १९५० मध्ये आली होती; तीत वरचा बाहू नसून धक्काशोषकाचा स्तंभच चाकाला उभे धरतो. दोन बाहूंच्या अनेक गाड्यांत बाहूच्या बुंध्याशी पातळ पत्र्याच्या चकत्या घालून वा काढून कँबर व कॅस्टर बदलता येत असे. स्तंभाच्या बहुतेक लहान गाड्यांत ती सोय नसते व टोखेरीज काही जुळविता येत नाही. म्हणजे मोजण्याचे साधन सूक्ष्म होत गेले त्याच काळात जुळविण्याच्या जागा कमी झाल्या, आणि कागदावर लाल अक्षरांत छापून आलेला कँबर हा पुष्कळदा वाकलेल्या भागाची सूचना असते. तो आकडा पान्याने दुरुस्त होणारा नसतो.

यंत्राच्या कागदावर ग्राहकाचा विश्वास सहज बसतो. परंतु रबरी बुश फाटलेले, गोलसांधे सैल किंवा बेअरिंग खेळ देणारे असताना घेतलेले माप त्या क्षणापुरतेच खरे असते. गाडी दहा किमी. जाताच चाक दुसऱ्या ठिकाणी बसते. म्हणून टायरांतील हवा, बेअरिंगचा खेळ, सांधे, बुश, स्प्रिंगांची उंची व शेवटी कोन हा क्रम मोडता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुकाणूचाकाचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा अधिक नसावा व सुकाणूच्या गोलसांध्यांना रबरी टोप्या असाव्यात, अशी तरतूद करण्यात आली. ३० अंशांची मर्यादा उदारच म्हटली पाहिजे. टोप्यांची अट मात्र दिसते त्यापेक्षा मोलाची आहे. टोपी फाटली की लाल मातीचा चिखल सांध्यात शिरतो व वंगणाबरोबर मिसळून घासणीच्या लेपाचे काम करतो. किनाऱ्यालगत यात खाऱ्या हवेची भर पडते. दांडीचे आटे व चिमटे गंजून एकजीव होतात आणि दोन वर्षे न हलविलेला टोचा नट उष्णता दिल्याशिवाय फिरत नाही. अशा वेळी एकाच बाजूचा हलणारा नट फिरवून बेरीज जुळविण्याचा मोह होतो. टोची बेरीज कागदावर बरोबर येते, पण सुकाणूचाक तिरपे बसते व दोन्ही दिशांना वळण्याची मर्यादा सारखी राहत नाही.

चाकांचे संरेखन व चाकांचा तोल या दोन गोष्टींत ग्राहकांची नेहमी गफलत होते. तोल म्हणजे चाकाभोवतीचे वजन समान वाटणे; तो बिघडला तर ठरावीक वेगाला सुकाणू थरथरते, पण गाडी एका बाजूस ओढत नाही. ओढत असेल तर दोन टायरांची हवा, दोन बाजूंचा कँबर वा कॅस्टर यांतील फरक किंवा चिकटलेला ब्रेक यांपैकी काहीतरी कारण असते. काही वेळा दोष गाडीचा नसून रस्त्याचा असतो : पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच व कडेला उतरता करतात आणि डाव्या बाजूने चालणारी गाडी त्या उताराने डावीकडे झुकते. पर्जन्य जितके अधिक तितका हा उतार अधिक ठेवावा लागतो. ओढ तपासताना गाडी अशाच रस्त्यावर दोन्ही दिशांनी, आणि शक्य तर मध्यावरून, चालवून पाहणे आवश्यक असते.

अलीकडील अनेक गाड्यांत सुकाणूचाकाचा कोन मोजणारा संवेदक असतो व घसरण रोखणारी विद्युत् प्रणाली त्याच्या आकड्यावर विसंबून कोणत्या चाकाला ब्रेक लावायचा ते ठरविते. टो बदलल्यावर सुकाणूचाकाची सरळ स्थिती बदलत असल्याने अशा गाड्यांत संरेखनानंतर हा संवेदक पुन्हा शून्यावर आणावा लागतो. तसे न केल्यास गाडी सरळ जात असताना ती वळत आहे असे प्रणालीला वाटते व ओल्या रस्त्यावर ती नको तेव्हा मध्ये पडू शकते.